खोडलेल्या ओळींचा हिशेब

पाटीवर पुसलेले अक्षर कायमचे जात असे; वहीत खोडलेले मात्र रेघेखालून डोकावत राही. संगणकावर लिहिणाऱ्याला या दोन्ही सोयी हव्या असतात. माझा एक माजी विद्यार्थी टिपणे लिहिण्याचा प्रोग्रॅम तयार करीत आहे. त्याने मला विचारले, “सर, ‘अनडू’ दाबले की किती मागे जावे?”

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘क्षि’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणकाच्या लेखी ती ४ चिन्हे : क, पाय मोडण्याची खूण, ष आणि वेलांटी. एकेक चिन्ह मागे गेले तर वाटेत ‘क्’सारखी लंगडी रूपे दिसणार. उलट सारा परिच्छेदच नाहीसा झाला, तर लेखक हवालदिल! मी म्हटले, “बाबा रे, शब्दाशब्दाने मागे ने.”

अनडूची यंत्रणा ताटांच्या चळतीसारखी असते. प्रत्येक बदल म्हणजे एक ताट; शेवटचे आधी उचलायचे. उचललेली ताटे शेजारच्या चळतीत राहतात, म्हणून ‘रीडू’ने परत येतात. गोम पुढेच आहे. चार पावले मागे जाऊन तुम्ही नवे काही लिहिलेत, की बहुतेक प्रोग्रॅम ती दुसरी चळत टाकून देतात. २००६ साली ‘विम’ या एडिटरच्या सातव्या आवृत्तीने तिथे फांदी फोडली. जुनी वाटही राहिली आणि नवीही.

अनडू बहुधा प्रोग्रॅम बंद होताच संपतो; आवृत्त्यांचा इतिहास टिकतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली. तिच्या संपादकांनी एक पाठ वर छापला आणि पाठभेद तळटीपांत जपले. जुनी आवृत्ती परत आणताना प्रोग्रॅमनेही असेच वागावे. मधल्या आवृत्त्या पुसू नयेत. जुनी नव्याने वर ठेवावी.

पण घरचे टिपण म्हणजे महाभारत नव्हे. रात्री रागाच्या भरात मुलाविषयी लिहिलेली ओळ आई सकाळी खोडते, ती त्याला कधी दिसू नये म्हणूनच. उद्या तेच टिपण तिने मुलाला पाठवले आणि इतिहासात ती ओळ तारीखवेळेसह उभी राहिली, तर?

विद्यार्थी म्हणतो, “सगळे जपू या, जागा स्वस्त आहे.” प्रश्न जागेचा नाहीच. टिपण दुसऱ्याच्या हाती देताना इतिहास सोबत जाऊ नये. शिवाय एखादी ओळ इतिहासातूनही काढण्याची सोय हवी, आणि तीही दोनदा विचारून. कारण तेवढे एक पाऊल मागे घेता येणार नाही.

पहिली सूचना त्याने मानली आहे. दुसरीवरचा आमचा वाद अजून चालू आहे.