पहिला पेपर कुठे वाचायचा? प्रादेशिक अभ्यासमंडळांविषयी थोडं

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. एमएस्सी झालीय, ‘पेट’ची तयारी चालू आहे. तिने विचारलं, “ताई, पीएचडीला लागल्यावर पहिला पेपर कुठे वाचायचा? डायरेक्ट इंटरनॅशनल कॉन्फरन्सला, की कॉलेजच्या सेमिनारमध्ये?” तिला जे उत्तर दिलं तेच जरा सविस्तर इथे लिहितेय, कारण मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. या दोन्हींच्या मधे एक जागा असते. तिला प्रादेशिक अभ्यासमंडळ म्हणूया, इंग्रजीत ‘रीजनल असोसिएशन’.

आधी माझी पार्श्वभूमी. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आणि पीएचडीसाठी विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. विषय आहे मध्ययुगीन युरोपातल्या खगोलीय सारण्या, म्हणजे अमुक दिवशी सूर्य, चंद्र आणि ग्रह कुठे असतील हे काढण्यासाठी केलेले आकड्यांचे तक्ते. आमच्या डिपार्टमेंटमध्ये या विषयावर काम करणारी मी एकटीच. माझे सर फार चांगले आहेत, पण त्यांचं क्षेत्र एकोणिसावं शतक. मी चूक केली तर ती पकडणारं जवळपास कोणीच नाही. संशोधनातला एकटेपणा म्हणतात तो हा. जेवायला मैत्रिणी असतात, पण आपलं लिखाण तपासू शकेल असं माणूस नसतं.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या अनेक प्राध्यापकांचीही हीच अडचण असते. लहान विद्यापीठात मध्ययुगावर शिकवणारी एखादीच व्यक्ती असते. राष्ट्रीय पातळीवर मोठ्या संस्था आहेत. ‘मिडिव्हल अकॅडमी ऑफ अमेरिका’ १९२५ मध्ये सुरू झाली, आणि तिचं ‘स्पेक्युलम’ हे नियतकालिक १९२६ पासून निघतं. ‘रेनेसाँ सोसायटी ऑफ अमेरिका’ १९५४ ची. मिशिगनमधल्या कॅलामाझू या गावात १९६२ पासून मध्ययुगाच्या अभ्यासकांची परिषद भरते, ती आता दर मे महिन्यात असते आणि हजारोंनी लोक येतात. इंग्लंडमध्ये लीड्सला १९९४ पासून तशीच एक परिषद जुलैमध्ये भरते. पण एवढ्या गर्दीत नवख्या विद्यार्थ्याचा पेपर पाच जणांसमोर वाचून होतो आणि विसरला जातो. शिवाय प्रवासाचा खर्च असतोच.

म्हणून मधल्या पातळीवर प्रादेशिक मंडळं उभी राहिली. आग्नेय अमेरिकेचं वेगळं, टेक्सासचं वेगळं, पॅसिफिक किनाऱ्याचं वेगळं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून एक आहे, ‘पॅरेर्गॉन’ हे नियतकालिक त्यांचं. आपण उदाहरणासाठी ‘रॉकी माउंटन मिडिव्हल अँड रेनेसाँ असोसिएशन’ घेऊ. युटा, कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना असा हा डोंगराळ, विरळ वस्तीचा पट्टा. सॉल्ट लेक सिटी ते डेन्व्हर हे अंतर रस्त्याने आठशे किलोमीटरच्या वर आहे, साधारण मुंबई ते नागपूर म्हणा. अशा पट्ट्यात विखुरलेल्या अभ्यासकांना वर्षातून एकदा एका ठिकाणी आणायचं, हे या मंडळाचं मूळ काम.

नावात मध्ययुग आणि रेनेसाँ दोन्ही का, असा प्रश्न पडेल. ढोबळपणे मध्ययुग म्हणजे इसवी सन ५०० ते १५००, आणि रेनेसाँ म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकातला काळ. दोन्ही एकमेकांवर चढतात हे लगेच दिसतंच. माझ्याच विषयातलं उदाहरण देते. आल्फोन्साइन सारण्यांची लॅटिन आवृत्ती पॅरिसमध्ये १३२० च्या दशकात वापरात आली. ती पहिल्यांदा छापली गेली व्हेनिसमध्ये, १४८३ साली. १४९२ मध्ये निघालेल्या आवृत्तीची एक प्रत खुद्द कोपर्निकसकडे होती. आता हे पुस्तक मध्ययुगाचं की रेनेसाँचं? पंधराव्या शतकावर रेघ मारली तर त्याचा निम्मा अभ्यास एकीकडे जाईल आणि निम्मा दुसरीकडे. म्हणून या मंडळांत दोन्ही काळांचे लोक एकत्र बसतात. इतिहासवाले, साहित्यवाले, चित्रकलेचे, संगीताचे, कायद्याचे, धर्मशास्त्राचे, आणि अधूनमधून माझ्यासारखे सायन्सवाले.

आता मंडळ नेमकं करतं काय, ते बघू.

पहिलं काम वार्षिक परिषद. काही महिने आधी निवेदन निघतं: यंदाचा विषय अमुक, सारांश पाठवा. सारांश म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, साधारण दोनशे ते तीनशे शब्दांचा. इथे नवखे लोक एक चूक हमखास करतात. अर्धा सारांश विषयाचं महत्त्व सांगण्यात घालवतात. परीक्षकाला तीन गोष्टी हव्या असतात: तुमचा प्रश्न काय, तुम्ही कोणती साधनं पाहिलीत, आणि त्यातून काय निघतंय. बाकी सगळं कापलं तरी चालतं.

सारांश मंजूर झाला की तुमचा पेपर एका सत्रात बसवतात. सत्रात बहुधा तीन पेपर, प्रत्येकी वीस मिनिटं, वर एक अध्यक्ष, आणि शेवटी प्रश्नोत्तरं. आपल्याला, म्हणजे सायन्सवाल्यांना, एक गोष्ट विचित्र वाटते. आपण स्लाइड लावून बोलतो. तिकडे बरेच जण लिहून आणलेला निबंध चक्क वाचतात. वीस मिनिटांत साधारण अडीच हजार शब्द होतात. त्यापेक्षा जास्त लिहिलंत तर अध्यक्ष मधेच थांबवतात, आणि निष्कर्ष वाचायचाच राहून जातो. घरी घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा, एवढाच उपाय.

आता माझी गोष्ट. अमेरिकेतल्या अशाच एका मंडळाच्या ऑनलाइन सत्रात मी माझा पहिला पेपर वाचला. तिकडे सकाळ, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. हॉस्टेलच्या खोलीचं दार लावून, पंख्याचा आवाज नको म्हणून तो बंद करून, घाम पुसत बसले होते. पेपरचा मुद्दा असा होता: आल्फोन्साइन सारण्यांत वर्षाची लांबी ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटं, १६ सेकंद धरलेली दिसते. खऱ्या लांबीशी फरक अर्ध्या मिनिटाच्या आसपास. म्हणजे कास्तिलचा राजा दहावा अल्फान्सो याच्या पदरी असलेल्या टोलेडोच्या खगोलज्ञांनी तेराव्या शतकात इतकं अचूक मोजमाप केलं होतं, असं मी ठासून लिहिलं होतं.

प्रश्नोत्तरांत एका वयस्कर बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला. “तुम्ही आकडे कुठल्या प्रतीतून घेतलेत?” मी म्हटलं, १४८३ च्या छापील आवृत्तीतून. त्या म्हणाल्या, “मग त्या पॅरिसच्या सारण्या झाल्या. टोलेडोच्या कशावरून?”

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी शांतपणे समजावलं. टोलेडोला यहुदा बेन मोशे आणि इसहाक बेन सिद यांनी १२६३ ते १२७२ च्या दरम्यान केलेल्या कामातून कास्तिलियन भाषेतल्या वापराच्या सूचना तेवढ्या उरल्या आहेत, मूळ तक्ते उरलेले नाहीत. युरोपभर पसरल्या त्या पॅरिसमध्ये घडलेल्या लॅटिन सारण्या. त्या वापरायच्या कशा, हे सांगणारा जॉन ऑफ सॅक्सनीचा ग्रंथ १३२७ चा. या दोन्हींचं नातं किती जवळचं, यावरच अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे मी पॅरिसचा आकडा घेऊन टोलेडोचं कौतुक करत होते, आणि हाच आकडा माझ्या प्रबंधाच्या दोन प्रकरणांचा पाया होता.

त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. पण विचार करा, हाच प्रश्न व्हायव्हाच्या दिवशी आला असता तर? दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं, आत्ताच कळलं.” दोन्ही प्रकरणं मोडून पुन्हा लिहिली. त्यात तीन महिने गेले. त्या बाईंनी नंतर मेलवर वाचायच्या पुस्तकांची यादी पाठवली, आणि माझा नवा मसुदाही वाचून दिला. मोठ्या परिषदेत एवढा वेळ कोणी दिला असता असं मला वाटत नाही. लहान मंडळात लोक एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, नवीन चेहरा लगेच लक्षात येतो, आणि त्याला सांभाळून घ्यायची तिथे सवय असते.

दुसरं काम पारितोषिकं. रॉकी माउंटन मंडळात परिषदेतल्या सर्वोत्तम पेपरसाठी दोन वेगवेगळी पारितोषिकं आहेत: नवख्या अभ्यासकासाठी अ‍ॅलन ब्रेक यांच्या नावाचं, ज्येष्ठांसाठी डेल्नो वेस्ट यांच्या नावाचं. नवख्यांची स्पर्धा नवख्यांशीच, हा यातला शहाणपणाचा भाग.

तिसरं काम नियतकालिक. या मंडळाचं नियतकालिक १९८० पासून आहे. त्याचं आताचं नाव ‘क्विडिटास’. मध्ययुगीन तत्त्वज्ञानातला हा लॅटिन शब्द. एखादी वस्तू ‘ती’ वस्तू कशामुळे ठरते, तो तिचा ‘काय’पणा. परिषदेत वाचलेला पेपर दुरुस्त करून इथे पाठवता येतो. लेखकाचं नाव झाकून जाणकारांकडून तो तपासला जातो, आणि मग स्वीकार, दुरुस्ती किंवा नकार. मला त्यातली एक सोय फार आवडते: पूर्ण लेखाखेरीज लहान टिपणांसाठी स्वतंत्र विभाग आहे. एखाद्या हस्तलिखितात सापडलेली बारीक नोंद, जुन्या संशोधनातली एखादी दुरुस्ती, असं काही चार-पाच पानांत मांडता येतं. सुरुवातीला आपल्याकडे असतं तेवढंच, आणि तेवढंही उपयोगी असतं.

मध्ययुगाच्या अभ्यासासाठी असं मंडळ काढायची ही रीत आपल्याला परकी अजिबात नाही. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. सापडलेले कागद आणायचे, त्यांवर टिपण वाचायचं, सभेत चर्चा व्हायची, आणि मग ते इतिवृत्तात किंवा संमेलनवृत्तात छापलं जायचं. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली १९१६ मध्ये मंडळाच्याच चतुर्थ संमेलनवृत्तातून प्रसिद्ध केली. तिच्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर १६२७ हे साल रूढ होतं. पुढे कितीतरी वर्षं अभ्यासक यावर भांडले, आणि ते भांडण उघड, छापील आणि पुराव्यानिशी चाललं. शिवाय जुन्या नोंदीतली तिथी आणि वार यांचा मेळ गणिताने तपासता येतो, तेव्हा सायन्सवाल्यांनी या कामात आपण उपरे आहोत असं समजू नये.

आता तुमच्यासाठी. तुमचा विषय कुठलाही असो, आधी त्याचं राज्य किंवा विभाग पातळीवरचं मंडळ शोधा. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. मागच्या वर्षांचे कार्यक्रम उपलब्ध आहेत का? सत्रांत चर्चेला वेळ ठेवलाय का? सारांश नाकारलेही जातात का? पैसे भरले की चोवीस तासांत स्वीकारपत्र आणि वर सर्टिफिकेट, असा प्रकार असेल तर लांब राहा. त्या सर्टिफिकेटने तुमची चूक कोणी पकडून देणार नाही. विद्यार्थ्यांसाठी सभासदत्वाची फी बहुतेक ठिकाणी कमी असते. पेपर वाचायचा नसेल तरी एक वर्ष नुसतं जाऊन बसा, प्रश्न कसे विचारतात ते ऐका.

त्या ज्युनिअरने परवा मला सारांश पाठवला, चारशे शब्दांचा. मी दीडशे कापले. प्रश्न मात्र तिचाच ठेवलाय, आणि तो चांगला आहे.