चारदीवारी आणि तीन विषय

पर्यावरणशास्त्र, फ्रेंच भाषा आणि डिजिटल नकाशांकन हे तीन विषय एकाच प्रवेशपत्रावर लिहिलेले दिसले, तर त्यांची संगती सहजासहजी लागत नाही. एक विषय विज्ञानाचा, दुसरा भाषेचा आणि तिसरा तंत्राचा. शाळेच्या वेळापत्रकात ते निरनिराळ्या तासांना शिकवले जातात आणि त्यांचे शिक्षकही निराळे असतात. परंतु ज्ञानाची ही विभागणी सोयीसाठी केलेली असते. एखादी खरी वस्ती समजून घ्यायची झाली, की हे तास एकमेकांत मिसळू लागतात. जयपूरची चारदीवारी हे याचे चांगले उदाहरण आहे.

असे वेगवेगळे विषय निवडण्याची मुभा देणारी एक शिक्षणसंस्था म्हणजे सामुदायिक महाविद्यालय. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये जोलिएट येथे अशा स्वरूपाचे महाविद्यालय सुरू झाले. भारतात पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९९६ मध्ये मद्रास कम्युनिटी कॉलेज उभे राहिले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये त्यासाठी योजना आखल्या. अल्प मुदतीचे अभ्यासक्रम, माफक शुल्क आणि परिसराच्या गरजेशी जोडलेले विषय ही या कल्पनेची मुख्य अंगे होत. मुक्त शिक्षणाचे तत्त्वही याच्या जवळचे आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००२ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत विद्यार्थी आपल्या सवडीने एकेक विषय उत्तीर्ण होत पुढे जाऊ शकतो. ज्यांना पोटापाण्यासाठी शाळा सोडावी लागली, त्यांच्यासाठी शिक्षणाचे दार पुन्हा उघडावे, हा या दोन्हींचा हेतू आहे.

आता चारदीवारीकडे वळू. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले. नगररचनेच्या कामात विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. तटबंदीच्या आतील या मूळ नगरालाच आज चारदीवारी म्हणतात. नगराची आखणी नऊ चौकड्यांची होती. मात्र वायव्येला नाहरगडाची टेकडी आडवी आल्याने तेथील चौकडीची जागा आग्नेयेकडे भरून काढावी लागली. कागदावरची आकृती जमिनीपुढे नमते, हा पहिला धडा येथेच मिळतो.

पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने या धड्यापासूनच आरंभ करावा. चांदपोल ते सूरजपोल हा मुख्य रस्ता उंचवट्याच्या माथ्यावरून नेला आहे, त्यामुळे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना उतरते. येथे वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक पावसाळ्याच्या मोजक्या दिवसांत. म्हणून पाणी साठवण्याला फार महत्त्व होते. जयगडावर डोंगरउतारांवरचे पाणी पाटांनी आणून टाक्यांत भरले जाई. नगरातील चौपडींवर पायऱ्यांची कुंडे होती. पुढे नळाचे पाणी आले आणि ती बुजवली गेली. मेट्रो रेल्वेच्या खोदकामात त्यांचे अवशेष पुन्हा दृष्टीस पडले.

शहराला पाणी पुरवणाऱ्या रामगढ तलावाची कथा अधिक बोलकी आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती या तलावात झाल्या होत्या. पुढे पाणलोट क्षेत्रात अडथळे उभे राहिले, पाण्याच्या वाटा तुटल्या आणि तलाव कोरडा पडला. शहराला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरील बीसलपूर धरणावर अवलंबून राहावे लागले. दुसरीकडे, १९८१ च्या जुलै महिन्यात झालेल्या अतिवृष्टीने याच शहरात पूर आणला होता. एकाच शहराला पूर आणि टंचाई ही दोन्ही संकटे का भोगावी लागतात, या प्रश्नाचे उत्तर आकाशाइतकेच जमिनीच्या वापरातही शोधावे लागते.

फ्रेंच भाषेचा या वाळवंटालगतच्या नगराशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध जवळजवळ तीनशे वर्षांचा आहे. जयसिंहांनी पोर्तुगालला पाठवलेल्या शिष्टमंडळाकडून फ्रेंच ज्योतिर्विद फिलिप द ला हीर यांची लॅटिन भाषेतील कोष्टके जयपुरात आली. ती आपल्या वेधांशी ताडून पाहिल्यावर चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळल्याचे जयसिंहांच्या फारसी ज्योतिषग्रंथात नमूद आहे. अर्धा अंश म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे अंतर. परकीय ग्रंथ मागवावा, परंतु तो पारखून घ्यावा, अशी ही दृष्टी होती. त्यांच्याच दरबारातील जगन्नाथ सम्राट या पंडितांनी अरबी शिकून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली.

पुढे १७३४ मध्ये जयसिंहांच्या निमंत्रणावरून चंद्रनगरच्या फ्रेंच वसाहतीतून फादर बूदिए आणि फादर पाँ हे दोन जेझुइट धर्मोपदेशक जयपूरला आले. वाटेत त्यांनी अनेक गावांचे अक्षांश आणि रेखांश ठरवले. सूर्य किंवा तारा किती उंचीवर दिसतो, यावरून अक्षांश निघतो. रेखांशासाठी मात्र दोन ठिकाणच्या वेळांची तुलना करावी लागते. गुरूच्या उपग्रहाला लागलेले ग्रहण दोन्हीकडून पाहिले, तर स्थानिक वेळेतील चार मिनिटांचा फरक एक अंश रेखांश दाखवतो. या प्रवासातील नोंदी फ्रेंच भाषेत छापल्या गेल्या आणि युरोपातील नकाशाकारांनी त्यांचा उपयोग केला. जयपूरच्या इतिहासाचे एक पान अशा रीतीने फ्रेंचमध्ये लिहिलेले आहे. फ्रेंच पर्यटकाशी संवाद साधता येणे हा या भाषेचा रोजगाराच्या दृष्टीने उपयोग आहेच. परंतु आपल्याच गावाविषयी इतरांनी काय लिहून ठेवले, ते मुळातून वाचता येणे हा त्याहून मोठा लाभ होय.

बूदिए यांना ज्यासाठी रात्री जागाव्या लागल्या, ते काम आज हातातील मोबाइल क्षणात करतो. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून तो आपले स्थान काही मीटरपर्यंत सांगतो. डिजिटल नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, असे समजावे. एका थरावर जमिनीचा चढउतार, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर विहिरी आणि कुंडे, चौथ्यावर गटारे. हे थर एकत्र पाहिले, की पाणी कोठे तुंबते आणि का तुंबते, ते उमगते. जयपूरच्या राजसंग्रहातील कपडद्वाऱ्यात जुने हस्तलिखित नकाशे जपलेले आहेत. अशा जुन्या नकाशावरचे न हललेले बिंदू, म्हणजे दरवाजे आणि मंदिरे, आजच्या नकाशावरील बिंदूंशी जुळवले, तर दोन काळांची तुलना करता येते.

तथापि यंत्रावर डोळे मिटून विसंबता येत नाही. अरुंद गल्ल्यांत उंच हवेल्यांच्या भिंती संकेत अडवतात आणि दाखवलेले स्थान सरकते. तेथे फीत घेऊन पायीच फिरावे लागते, लोकांना विचारावे लागते. ला हीर यांच्या कोष्टकांना जयसिंहांनी जी कसोटी लावली, तीच येथेही लावायची असते.

जुलै २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने जयपूर नगराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. त्याबरोबरच वारसावास्तूंची तपशीलवार नोंद व नकाशे तयार करावेत, अशी अपेक्षाही व्यक्त केली. ही समिती इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषांत कामकाज करते. म्हणजे वास्तूंची पाहणी, त्यांचे नकाशे आणि परभाषेतील अहवाल ही सारी कामे या एकाच नगरासाठी करावी लागणार आहेत. प्रश्न एवढाच, की ती करणार कोण?

बाहेरचे तज्ज्ञ ती कुशलतेने करतील. परंतु मणिहारों का रास्ता येथे लाखेच्या बांगड्या घडवणाऱ्या किंवा ठठेऱ्यांच्या गल्लीत भांडी ठोकणाऱ्या कुटुंबातील तरुणाला काही गोष्टी जन्मापासून ठाऊक असतात. कोणत्या चौकातली विहीर बुजवली, कोणत्या वाड्याची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते, हे त्याच्या घरात बोलले जाते. या माहितीला मापाची, नकाशाची आणि भाषेची जोड मिळाली नाही, तर ती घरातच राहते. निर्णय होतात तेथे ती पोहोचत नाही. मग ज्या गल्लीत तो राहतो, तिचे भवितव्य त्याला न विचारता ठरते. संध्याकाळी काम आटोपून तीन अभ्यासक्रम पुरे करणारा विद्यार्थी प्रमाणपत्र मिळवतो, त्याबरोबर आपल्या वस्तीविषयी अधिकाराने बोलण्याची पात्रताही मिळवतो.

हे केवळ जयपूरपुरते खरे नाही. चंद्रपूरला परकोट आहे. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने बांधवलेल्या नहरीचे अवशेष आहेत. तेथील पाण्याच्या वाटा कोणी मोजल्या, त्यांच्याविषयी कोणकोणत्या भाषांत लिहिले गेले आणि आजच्या नकाशावर त्या कोठे सापडतात, हे प्रश्न तेथील विद्यार्थ्यालाही विचारता येतील. त्यांची उत्तरे शोधू लागल्यावर विषयांमधल्या भिंती आपोआप ठेंगण्या होतात.