हवेवर बसणारी गाडी आणि न विझणारा दिवा

मुंबईहून रात्रीच्या आरामबसने तुम्ही मालवणला उतरला असाल, तर एक गोष्ट कदाचित कानांवर आली असेल. उतारू बोचकी-पेट्या घेऊन भराभर खाली उतरतात, गाडी हलकी होते, आणि मागच्या चाकाजवळून 'फुस्स' करून हवा सुटते. पुष्कळांना वाटते, चाक पंक्चर झाले. तसे काही नसते. गाडीने आपले ओझे कमी झाल्याचे ओळखले आणि पोटातली थोडी हवा सोडून दिली, एवढेच.

जुन्या एसटीच्या गाड्या पोलादी पाट्यांवर बसत. ओझे वाढले की पाटे दबत आणि गाडी खाली येई. आरामबस बसते ती जाड रबराच्या फुग्यांवर. गॅरेजात त्यांना बलून म्हणतात. अमेरिकेत 1953 च्या सुमारास असे फुगे मोठ्या प्रवासी बसना बसू लागले. आपल्याकडे ते खऱ्या अर्थाने रुळले ते 2001 मध्ये व्होल्वोच्या बस आल्यावर. फुग्याचा गुण असा की माणसे चढली तर त्यात हवा भरायची, उतरली तर सोडायची. गाडीची उंची मात्र सदोदित तीच.

आता उंची तीच राहिली की नाही, हे पाहणार कोण? त्यासाठी आस आणि सांगाडा यांच्या मध्ये एक लहानशी दांडी असते. गाडी दबली की दांडी एका बाजूला कलते, उचलली की दुसऱ्या बाजूला. साध्या गाडीत ही दांडी थेट हवेचा व्हॉल्व्ह उघडते. नव्या गाडीत दांडीच्या टोकाला सेन्सर असतो. तो विजेच्या तारेतून कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीच्या मेंदूला, उंची कळवतो आणि हवा भरायची की सोडायची हे मेंदू ठरवतो. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना या मेंदूला एक आकडा शिकवून ठेवलेला असतो: तुझी खरी उंची ही. आजची सगळी कथा या आकड्याभोवती फिरते.

समजा, मालवणच्या एका गृहस्थाने पर्यटकांसाठी मुंबईहून जुनी आरामबस विकत आणली. तारकर्लीकडच्या आतल्या रस्त्यांवर गतिरोधक आला की गाडीचे पोट घासू लागले. मेस्त्रीने तोड काढली. त्याने सेन्सरची दांडी बदलून अशी बसवली, की गाडी आहे त्यापेक्षा खाली आहे असे मेंदूला वाटावे. मेंदू फसला, त्याने फुग्यात हवा भरली, गाडी उंच झाली. मालक खूश! तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला.

"मेस्त्री, दिवो काय विझत नाय."

"गाडी बरी चलता मां? मगे लावा दिव्यार टेप."

हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, आणि माझे म्हणणे असे की त्याहून वाईट सल्ला शोधून सापडायचा नाही. दिवा खोटे बोलत नसतो. त्याचे म्हणणे एवढेच असते, की मला शिकवलेले आणि मला दिसते आहे ते यांचा मेळ बसत नाही. मेंदू व्हॉल्व्ह उघडतो आणि ठरावीक वेळेत उंची बदलण्याची वाट पाहतो. ती बदलली नाही, उजवी-डावी बाजू फार वेगळी दिसली, किंवा सेन्सरची दांडी आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन बसली, तर तो दिवा लावतो.

म्हणून दिवा लागला की पहिला प्रश्न विचारावा: दोष हवेत आहे, तारेत आहे, की आठवणीत आहे?

हवेपासून सुरुवात करावी, कारण ते घरच्या घरी पाहता येते. आधी दाबाचा काटा बघा. मोठ्या बसच्या टाकीत साधारण 8 ते 10 बार दाब असतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज येईल. काटा खाली असेल, लाल दिवा किंवा भोंगा चालू असेल, तर गाडी हलवूच नये. त्याच हवेवर ब्रेक चालतात. काटा ठीक असेल तर संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करा, चारही चाकांच्या वर मडगार्डाच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने माप घ्या आणि वहीत लिहा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मापा. एक कोपरा बसला असेल तर गळती त्या बाजूची. मग इंजिन चालू करून टाकी भरू द्या, आणि साबणाचा फेस फुग्याच्या घड्यांवर, नळीच्या जोडांवर, व्हॉल्व्हवर सोडा. बुडबुडे जिथे येतील तिथे चोर. हे करताना हात बाहेरूनच घालावा, त्याचे कारण पुढे सांगतो.

गळती बारीक आहे म्हणून सोडून देऊ नका. गळणारी टाकी भरण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो. हवेतले पाणी शोषणारा ड्रायर असतो. कॉम्प्रेसर विसावतो तेव्हाच त्याला साठलेले पाणी बाहेर टाकायची उसंत मिळते. ती मिळाली नाही की पाणी पुढे टाकीत जाते, तिथून व्हॉल्व्हमध्ये. कोकणातल्या पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे हे फार लवकर घडते. आज उंचीचा दिवा लागला असेल, उद्या गंजलेला व्हॉल्व्ह अडकेल.

तारेचा दोष किनाऱ्यावर विशेष. सेन्सर चाकाजवळ, अगदी खाली असतो. खारा वारा, किनाऱ्याची वाळू आणि आपली तांबडी माती यांचा मारा त्याच्यावर अष्टौप्रहर चालू. प्लग सोडवून पाहा: पितळी टोकांवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर दिव्याचे कारण तेच असू शकते. दांडी बदलताना मेस्त्रीने प्लग ओढला असेल, रबरी टोपी नीट बसली नसेल, तर महिन्याभरात मीठ आत शिरते. बॅटरी मरतुकडी असेल तरीही असे दिवे लागतात. मात्र प्लग काढण्याआधी चावी बंद असावी, नाहीतर एका दोषाचे दोन होतील.

हवा ठीक, तारा ठीक, तरी दिवा आहेच. मग उरते आठवण. उंची बदलली, पण मेंदूतला आकडा जुनाच आहे. तो आकडा पुन्हा शिकवण्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते पान्ह्याने होत नाही. गाडीला संगणक जोडून, सपाट जमिनीवर, चाकांत योग्य हवा भरून आणि कंपनीने सांगितलेल्या भारावर ते करावे लागते. गाडी उतरणीवर उभी करून उरकलेले कॅलिब्रेशन म्हणजे वाकड्या पट्टीने मापलेले कापड. आणि हे ध्यानात घ्या, की कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेरची उंची कॅलिब्रेशनने कायदेशीर किंवा सुरक्षित होत नाही. आमच्या गृहस्थांच्या गाडीला खरा उपाय एकच होता: मूळ दांडी मूळ जागी बसवणे. काही गाड्यांत तात्पुरती उंची वाढवण्याचे बटणच असते. ते वापरले असताना दिवा लागला तर तो दोषाचा नसून 'मी नेहमीच्या उंचीवर नाही' असे सांगणारा असतो. त्याचा खुलासा गाडीच्या पुस्तकात सापडेल.

आता ज्यासाठी एवढे सांगतो आहे ते. काही मालक फुग्यांचा खर्च परवडत नाही म्हणून सोबत मदतीचे पोलादी पाटे चढवतात. दिसायला हे शहाणपणाचे वाटते. पण बऱ्याच मोठ्या गाड्यांत फुग्यातला दाब पाहूनच ब्रेकला कळते की गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि त्याप्रमाणे मागच्या चाकांना जोर मिळतो. अर्धे ओझे पाट्यांनी उचलले, तर फुग्यातला दाब उतरतो. चाळीस माणसे बसलेली असतात आणि ब्रेकला वाटते गाडी निम्मी रिकामी. फोंडा घाट, करूळ किंवा आंबोली उतरताना ही चूक दिव्यावर टेप लावून भागत नाही.

लहान आलिशान मोटारीतही हेच. फुगे काढून साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या, तर मेंदू फुग्यांचे व्हॉल्व्ह शोधत राहतो, ते सापडत नाहीत, आणि दिवा कायमचा लागतो. बल्ब काढून टाकणे हा उपाय नव्हे. चावी फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागून विझायला हवेत. जो दिवा तेव्हाही लागत नाही, त्याची काळजी लागलेल्या दिव्यापेक्षा अधिक करावी. जुनी गाडी घेताना एवढे तरी पाहाच.

कायद्याचेही थोडे सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. तेव्हा काही बदल करायचाच असेल तर आधी ओरोसला आरटीओ कार्यालयात विचारावे, नंतर मेस्त्रीला.

शिक्षकांना हा विषय वर्गात दाखवता येईल. सायकलची जुनी ट्यूब अर्धी फुगवून तिच्यावर फळी ठेवा, फळीच्या कडेला उभी पट्टी लावा. फळीवर दप्तरे चढवा, फळी खाली येईल; पंपाने हवा भरून ती पुन्हा त्याच खुणेवर आणा. मग एका मुलाला न सांगता पट्टीच दोन बोटे वर सरकवा आणि त्याला हवा भरायला सांगा. मेस्त्रीने मेंदूला कसे फसवले, ते मुलांना चटकन कळते.

आणि हात बाहेरून का? केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. प्लग ओढला, नळी सैल झाली, की फुगा क्षणात रिकामा होतो आणि काही टनांचा सांगाडा खाली येतो. गाडीखाली जायचे तर सांगाड्याला मजबूत लोखंडी स्टँड लावून, चाकांना ओट लावून, मगच. मेस्त्री घाईत असेल तरी मालकाने चावी खिशात ठेवून उभे राहावे.

काम झाले की मालवण ते कसाल असा एक फेरा मारा, गाडी पुन्हा त्याच सपाट जागी आणा, आणि दुसऱ्या सकाळी वहीतली चार मापे नव्या मापांशी ताडून पाहा.