डबेवाल्यांच्या शाळेत परदेशी विद्यार्थी

नफ्या-तोट्याचे गणित वर्गात शिकता येते. पण माणसे कशी काम करतात, हे जागेवर जाऊनच कळते. म्हणूनच अमेरिकेच्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने जानेवारी 2012 मध्ये एमबीएच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे 900 विद्यार्थ्यांना भारत, चीन, ब्राझील अशा देशांत पाठवले.

मुंबईत येणाऱ्या अशा पाहुण्यांना डबेवाल्यांचे भारी कुतूहल. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायावर हार्वर्डनेच 2010 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता.

झाकणावरची खूण

घरून निघालेला डबा टेबलावर पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. झाकणावर रंगवलेले अंक नि अक्षरे सांगतात, तो कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यायचा. गटात कुणी साहेब नाही. कमाई वाटून घेतली जाते. एखादा आजारी पडला, तर त्याचे डबे गटातला जादा माणूस उचलतो.

खरी परीक्षा

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, ऑफिसे बंद झाली आणि डबेही थांबले. अनेक डबेवाले मावळ, खेडकडे आपापल्या गावी परतले. पुढे काम सुरू झाले, तरी पूर्वीइतके ग्राहक परतले नाहीत. कित्येकजण घरूनच काम करू लागले होते.

गिऱ्हाईकच नसेल, तर बिनचूक व्यवस्था तरी कशी तगणार? पाहुण्यांनी नुसते कौतुक न करता याचे उत्तर शोधले, तर सहल सार्थकी लागेल. आपल्या मुलांना तर त्यासाठी विमानाचे तिकीटही लागत नाही!