घरात कोणता प्राणिपट लावावा?

प्राण्यांचा चित्रपट म्हणजे मुलांचा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. याच समजुतीने आमच्या घरी 'हाथी मेरे साथी' (१९७१) लावला. शेवटी रामू हत्ती मरतो. धाकटा भाऊ त्या रात्री जेवायला उठेना.

तेव्हापासून मी आधी शेवट विचारून घेतो. प्राणी प्राण्यासारखा वागतो की माणसासारखा, हेही पाहतो. 'तेरी मेहरबानियाँ'तला (१९८५) मोती कुत्रा धन्याच्या खुनाचा सूड घेतो. आजीला तो फार आवडला, पण कुत्र्याचा स्वभाव त्यात शोधू नये! तपन सिन्हांचा 'सफेद हाथी' (१९७७) खास मुलांसाठीच काढलेला. 'द एलिफंट व्हिस्परर्स' (२०२२) हा लघु माहितीपट मात्र सर्वांचा. मुदुमलैचे बोम्मन आणि बेल्ली अनाथ रघूला वाढवतात; पुढे ताटातूट होते, परंतु रघू जगतो.

खरी पंचाईत 'शेरनी'ची (२०२१). त्यातली वाघीण मारली जाते, आणि आमच्या कळंबला लागूनच राळेगाव. तेथे २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा तिच्यावर ठपका होता. मामा त्या दिवसांत उन्हे कलण्याआधीच वावरातून परतत. चित्रपट पाहून ते म्हणाले, "वाघिणीचं सारं खरं, पण कापूस कोणी वेचायचा होता?"

भावाने विचारले, "दादा, अवनीच्या बछड्यांचं काय झालं?" मादी बछड्याला पकडून पेंचला नेले, एवढे मी सांगितले. २०२१ मध्ये जंगलात सोडल्यावर थोड्याच दिवसांत ती मेली, हे अजून सांगितलेले नाही.