‘कंदिसा’ : केरळच्या चर्चमधील प्रार्थना, दिल्लीच्या वाद्यवृंदाचे गीत

दिल्लीतील ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली प्रकाशित झाला. त्यातील शीर्षकगीताची भाषा बहुसंख्य श्रोत्यांना कळत नव्हती, तरीही ते महाविद्यालयीन तरुणांमध्ये विलक्षण लोकप्रिय झाले. हे गीत मुळात केरळमधील सीरियन ख्रिस्ती समाजाची प्रार्थना आहे, हे मात्र अनेकांना फार उशिरा समजले.

सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला व गायन) यांनी १९९० मध्ये या वृंदाला आकार दिला. पुढे राहुल राम (बेस गिटार व गायन) आणि अमित किलम (ड्रम) त्यांना येऊन मिळाले. करोल बाग येथील खजूर रोडवरचे जुने घर ही त्यांची अनेक वर्षांची तालमीची जागा होती. घराचा क्रमांक ‘१६/३३०’ पुढे त्यांच्या एका अल्बमच्या नावातही आला.

चौघांच्या या मेळ्याचा गीतसंग्रह आश्चर्य वाटावे इतका विविध आहे. गोरख पांडे यांचे भोजपुरी क्रांतिगीत, कबीराचे भजन, ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटासाठी पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले ‘बंदे’ आणि नर्मदेची स्तुती करणारे ‘मा रेवा’ ही रचना एकाच कार्यक्रमात ऐकायला मिळत असे. यातील ‘मा रेवा’चा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. अमेरिकेत पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतलेले राहुल राम नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात कार्यरत होते. त्याच सुमारास अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीच्या ग्रामस्थांवर सरदार सरोवराचे पाणी चढू लागले होते. नदीला माता म्हणणारे पारंपरिक पद दिल्लीच्या रंगमंचावर गायले जात असताना तिच्या काठची गावे बुडत होती. या गीताकडे केवळ भक्तिगीत म्हणून पाहता येत नाही, ते यामुळेच.

‘कंदिसा’चा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे. देव पवित्र आहे, सामर्थ्यवान आहे, अमर आहे, त्याने आमच्यावर दया करावी, एवढाच या प्रार्थनेचा आशय. पूर्वेकडील चर्चमध्ये ती पंधराशे वर्षांहून अधिक काळ म्हटली जाते. इ. स. ४५१ मधील कॅल्सिडॉनच्या धर्मपरिषदेच्या वृत्तांतातही तिचा उल्लेख सापडतो. गीताची भाषा सिरिअॅक, म्हणजे येशूच्या काळी बोलल्या जाणाऱ्या अॅरेमाइकचेच एक रूप. मेसोपोटेमिया आणि इराणमधील चर्चशी असलेल्या संबंधांतून ही उपासनाभाषा मलबार किनाऱ्यावर पोहोचली व तेथे रुजली.

पोर्तुगीज राजवटीत तिच्यावर संकट आले. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी १५९९ मध्ये कोचीनजवळील उदयंपेरूर येथे धर्मसभा भरविली. पाखंडी ठरविलेले अनेक सिरिअॅक ग्रंथ त्यानंतर जाळण्यात आले, काही दुरुस्त करून घेण्यात आले. या हस्तक्षेपाविरुद्धचा असंतोष वाढत गेला आणि १६५३ मध्ये मट्टनचेरी येथे हजारोंनी सामूहिक शपथ घेऊन जेझुइटांची सत्ता झुगारली. ग्रंथ गेले, समाज दुभंगला, पण उपासनेतील सिरिअॅक टिकली.

तिला ओहोटी लागली ती विसाव्या शतकात, आणि तीही समाजाच्या स्वतःच्या निर्णयाने. सिरो-मलबार चर्चने १९६२ मध्ये उपासनेसाठी मल्याळम स्वीकारली. भाविकांना प्रार्थनेचा अर्थ कळावा, हा हेतू योग्यच होता. परंतु एका पिढीतच सिरिअॅक चालींचे जाणकार कमी होत गेले. ज्या मोजक्या चाली लोकांच्या कानात राहिल्या, त्यांत ‘कंदिसा’ होती.

दिल्लीच्या वृंदाने तिला गिटार, तबला व ड्रमची जोड दिली. त्यांचे उच्चार चर्चमधील उच्चारांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि संथ आरंभानंतर वाढत जाणारी लयही उपासनेतील नव्हे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकू शकते. तरीही गीताचे गांभीर्य कोठे उणावत नाही, याचे बरेचसे श्रेय असीम चक्रवर्ती यांच्या आवाजाला द्यावे लागेल. बैठक मारून तबला वाजवीत ते गात असत.

२५ डिसेंबर २००९ रोजी त्यांचे निधन झाले. सुस्मित सेन २०१३ मध्ये वृंदातून बाहेर पडले. राहुल राम व अमित किलम यांनी नव्या सहकाऱ्यांसह वृंद सुरू ठेवला आणि ‘कंदिसा’ त्यांच्या कार्यक्रमांत पुढेही गायली जात राहिली.