अपडेटनंतर लोगोवर अडकलेला फोन

अपडेट पूर्ण होते, फोन बंद होऊन सुरू होतो, कंपनीचा लोगो दिसतो आणि थोड्या वेळाने पडदा काळा होऊन पुन्हा तोच लोगो येतो. हे चक्र थांबतच नाही. तंत्रज्ञ याला बूटलूप म्हणतात, तर दुरुस्तीच्या दुकानात ‘फोन लोगोवर अडकलाय’ एवढेच सांगितले जाते आणि पाठोपाठ ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’ हा सल्ला येतो. सॉफ्टवेअर मारणे म्हणजे फोनची सगळी प्रणाली नव्याने भरणे. बहुतेक वेळा त्यात फोटो, संदेश, नोंदी असे सगळे पुसले जाते. पण बूटलूप झालेल्या फोनमधली माहिती बहुधा शाबूत असते. ती वाचवायची असेल, तर फोन सुरू होताना नेमका कोणत्या टप्प्यावरून मागे फिरतो, हे आधी पाहायला हवे.

पॉवर बटण दाबल्यावर सर्वांत आधी प्रोसेसरच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक लहानसा प्रोग्राम चालतो. तो प्रणाली सुरू करून देणाऱ्या बूटलोडरला जागे करतो, बूटलोडर कर्नलला. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि अँड्रॉइडमध्ये तो लिनक्सचा असतो. प्रत्येक टप्पा पुढच्याची डिजिटल सही तपासूनच त्याच्या हाती कारभार देतो. सही जुळली नाही, तर गाडी तिथेच थांबते. कर्नलनंतर अँड्रॉइडच्या मुख्य सेवा सुरू होतात. हलते बोधचित्र दिसते ते याच काळात. शेवटी लॉक स्क्रीन येते. पिन टाकेपर्यंत वापरकर्त्याची बरीचशी माहिती कुलूपबंदच असते, म्हणून बहुतेक ॲप खऱ्या अर्थाने कामाला लागतात ती पिन टाकल्यावरच.

या क्रमावरून निदानाची दिशा मिळते. अगदी पहिला, स्थिर लोगो दिसून फोन बंद पडत असेल, तर दोष बूटलोडर, कर्नल किंवा हार्डवेअर यांपैकी कशात तरी असतो. स्थिर लोगो पुन्हा न येता फक्त हलते चित्रच परत परत सुरुवातीपासून चालू होत असेल, तर कर्नल धडधाकट आहे आणि वरच्या सेवा कोसळत आहेत. पिन टाकल्यानंतर काही क्षणांत फोन पुन्हा सुरू होत असेल, तर संशयाची सुई एखाद्या ॲपकडे, नाहीतर बॅटरीकडे वळते. हलते चित्र नुसतेच चालू असेल आणि फोन मुळीच बंद पडत नसेल, तर तो बूटलूप नसण्याचीही शक्यता आहे. मोठ्या अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू व्हायला फोन नेहमीपेक्षा बराच वेळ घेतो. अशा वेळी चार्जर लावून पंधरा-वीस मिनिटे थांबणेच योग्य.

अपडेटमुळे असे काही होऊ नये म्हणून २०१६ साली अँड्रॉइड ७ मध्ये एक उत्तम सोय आली. नवे घर बांधून होईपर्यंत जुन्या घरात राहावे, तशी ही व्यवस्था आहे. फोनमध्ये प्रणालीच्या दोन जागा असतात. चालू जागेला हात न लावता अपडेट दुसरीवर लिहिले जाते. नव्या जागेवरून फोन ठरावीक प्रयत्नांत सुरू झाला नाही, तर बूटलोडर आपोआप जुन्या जागेकडे परततो. ही सोय सर्व कंपन्यांनी लगेच स्वीकारली नाही, आणि त्या निष्काळजी वर्षांची किंमत ग्राहकांनी मोजली. शिवाय ती असली तरी एक उणीव राहतेच. प्रणालीच्या जागा दोन असल्या तरी वापरकर्त्याच्या माहितीची जागा एकच असते. फोन एकदा नीट सुरू झाला आणि अपडेट यशस्वी ठरले, की परतीची वाट बंद होते. दोष त्यानंतर उघड झाला, तर जुनी प्रणाली मदतीला येत नाही.

२०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ‘रेस्क्यू पार्टी’ नावाचा आणखी एक पहारेकरी आहे. मुख्य सेवा पाच मिनिटांत पाचपेक्षा जास्त वेळा कोसळली, की तो हस्तक्षेप करतो, आधी बदललेल्या सेटिंग पूर्ववत करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर फोनला रिकव्हरीच्या, म्हणजे प्रणालीबाहेरून दुरुस्ती करण्याच्या, पडद्यावर नेतो. अनेकांना अचानक दिसणारा ‘पुन्हा प्रयत्न करा’ किंवा ‘फॅक्टरी रीसेट करा’ असे विचारणारा पडदा तो हाच. घाबरून दुसरा पर्याय दाबला जातो आणि वाचू शकली असती ती माहिती जाते.

किती किरकोळ गोष्टीने फोन या चक्रात सापडू शकतो, याचे गाजलेले उदाहरण २०२० मधले आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या सेंट मेरी सरोवराचा एक देखणा फोटो वॉलपेपर म्हणून लावला, की अँड्रॉइड १० वरचे अनेक फोन बूटलूपमध्ये जात. त्या फोटोतल्या रंगांच्या माहितीमुळे प्रणालीच्या एका हिशेबात २५५ ही कमाल मर्यादा ओलांडली जाई आणि पडदा सांभाळणारी सेवा कोसळे. वॉलपेपर जतन झालेला असल्याने दर वेळी तीच गत होई. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगच्या स्मार्टथिंग्ज फ्रेमवर्क या ॲपच्या अपडेटने गॅलेक्सी एस१० आणि नोट १० मालिकेतले फोन असेच अडकले. मूळ प्रणाली बदललीही नव्हती. पार्श्वभूमीवर आपोआप झालेले एका ॲपचे अपडेट पुरेसे ठरले.

उपायांचा क्रम माहितीला सर्वांत कमी धोका असलेल्या गोष्टीपासून सुरू व्हावा. फोन चांगल्या चार्जरवर अर्धा तास ठेवावा. सिम आणि मेमरी कार्ड काढावे, कारण खराब कार्ड वाचताना प्रणाली अडखळू शकते. कव्हर उतरवून पॉवर बटण आत दबून राहिलेले नाही ना, हे पाहावे. दबलेले बटण फोन पुन्हा पुन्हा सुरू करते आणि बोल मात्र अपडेटला लागतो. मग पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन ही बटणे एकत्र दहा-वीस सेकंद दाबून फोन सक्तीने सुरू करावा.

लॉक स्क्रीनपर्यंत पोचणाऱ्या फोनसाठी सेफ मोड हा सर्वांत मोलाचा उपाय आहे. बऱ्याच फोनमध्ये लोगो दिसताच व्हॉल्यूम डाउन दाबून धरले, की फोन सेफ मोडमध्ये उघडतो आणि नंतर टाकलेली ॲप बंद राहतात. तिथे फोन स्थिर राहिला, तर दोषी एखादे ॲपच आहे. मात्र ते शोधण्याआधी फोटो आणि कागदपत्रे केबलने संगणकावर घ्यावीत. मिळालेली ही संधी पुन्हा मिळेलच असे नाही. त्यानंतर नुकतीच अपडेट झालेली ॲप एकेक करून काढावीत.

सेफ मोडही उघडत नसेल, तर रिकव्हरी. बहुतेक फोनमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम अप दाबून ती उघडते. सॅमसंगच्या नव्या फोनना त्या वेळी संगणकाशी केबलने जोडलेले असावे लागते. यादीतला ‘वाइप कॅश पार्टिशन’ हा पर्याय असेल तर निर्धास्त वापरावा, त्याने तात्पुरत्या फायली जातात, फोटो नाही. सॅमसंगमध्ये ‘रिपेअर ॲप्स’ही असते. ‘वाइप डेटा’ या ओळीपासून मात्र दूर राहावे. पिक्सेलसारख्या फोनमध्ये याच ठिकाणाहून संगणकाच्या मदतीने अपडेटची पूर्ण फाइल पुन्हा भरता येते, आणि माहिती टिकते. जुनी आवृत्ती टाकून पाहण्याचा मोह टाळावा. जुन्या, सुरक्षेच्या दृष्टीने कच्च्या प्रणालीला अटकाव करणारी यंत्रणा फोनमध्येच असते आणि या खटपटीत फोन कायमचा निकामी होऊ शकतो. बूटलोडर अनलॉक करणे म्हणजे तर माहिती पुसणेच.

आयफोनची रीत वेगळी आहे. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये व्हॉल्यूम अप, मग व्हॉल्यूम डाउन दाबून सोडायचे आणि संगणक-केबलचे चित्र येईपर्यंत बाजूचे बटण धरून ठेवायचे. संगणक ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय देतो. पहिला माहिती राखून प्रणाली पुन्हा भरतो, दुसरा सगळे पुसतो.

दुकानात फोन द्यावा लागला, तर माहिती राखून सॉफ्टवेअर मारता येईल का, हे स्पष्ट विचारावे. सॅमसंगच्या बाबतीत हा प्रश्न नेमका विचारता येतो. त्याच्या फायलींमध्ये सीएससी आणि होम सीएससी असे दोन प्रकार असतात. होम सीएससी वापरली तर माहिती सहसा टिकते. कारागिराला हे ठाऊक असते, पण वेळ वाचवायला पुसण्याचाच मार्ग घेतला जातो, म्हणून ग्राहकाने आग्रह धरायला हवा.

फॅक्टरी रीसेट शेवटीच. आताच्या फोनमधली माहिती सांकेतिक रूपात असते आणि रीसेटमध्ये तिच्या किल्ल्याच नष्ट होतात, त्यामुळे नंतर कोणतीही प्रयोगशाळा ती परत मिळवू शकत नाही. त्याआधी दुसऱ्या फोनवरून गुगल खाते उघडून कोणते फोटो आणि संपर्क तिथे पोचले आहेत ते पाहावे, आणि त्या खात्याचा पासवर्ड आठवतो याची खात्री करावी, कारण रिकव्हरीतून रीसेट केलेला फोन तोच मागतो. यूपीआयची चिंता नको. पैसे बँकेत असतात. त्याच सिमवरून पुन्हा नोंदणी करावी लागते इतकेच.

रीसेटनंतरही चक्र थांबले नाही, तर दोष बहुधा हार्डवेअरचा. अपडेटनंतरचे काही तास प्रोसेसरवर जास्तीचा भार असतो, ॲप नव्याने बसवली जातात, फोटोंच्या याद्या बनतात. थकलेल्या बॅटरीला त्या क्षणी लागणारा प्रवाह देता येत नाही आणि फोन बंद पडतो. चार्जर लावल्यावर फोन टिकतो आणि काढताच बंद पडतो, ही त्याची खूण. बॅटरी बदलली की काम होते. मदरबोर्डचा दोष जास्त अवघड. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ आल्यावर गुगलच्या नेक्सस ५एक्सचे अनेक फोन बूटलूपमध्ये गेले तेव्हा लोकांनी अपडेटला दोष दिला, पण गुगलने तो हार्डवेअरचा असल्याचे सांगितले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एलजीने आपल्या जी४ मध्ये सुट्या भागांमधला संपर्क सैल असल्याचे मान्य केले होते. गार असताना चालणारा आणि तापताच कोसळणारा फोन अशाच सैल जोडाकडे बोट दाखवतो.

अशा वेळी अधिकृत सेवा केंद्र सहसा संपूर्ण मदरबोर्ड बदलते. वॉरंटीत ते विनामूल्य होऊ शकते, आणि कंपनीने टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण माहिती साठवणारी चिप त्याच बोर्डावर असते आणि तिची किल्ली त्याच प्रोसेसरशी बांधलेली असते, म्हणजे बोर्डाबरोबर फोटोही जातात. फोनपेक्षा फोटो मोलाचे असतील, तर बोर्ड बदलण्याआधी चिपचे जोड नव्याने बसवणाऱ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात भेटणाऱ्या कसबी कारागिराकडे तोच बोर्ड निदान तासाभरापुरता जिवंत करून घ्यावा, आणि तेवढ्यात सगळे संगणकावर उतरवावे. मात्र हे सगळे रीसेटच्या आधी करायचे.